बाहेरचं वय

बावड्यात वहिदाभाभीकडं बांगड्या भरायला बसलं की माप विचारायची पद्धतच नव्हती. ती समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायची, चारी बोटं जवळ करून दाबायची, अंगठ्याच्या बुडाचं हाड चाचपायची आणि माप सांगायची. लहर लागली तर मापाबरोबर वयही सांगायची. एखादी नवी सून लाजून वर्ष-दोन वर्षं चोरायला लागली की भाभी हसायची. "तोंड काय बी सांगंल गं, हात खोटं बोलत न्हाय." हे तिचं ठरलेलं वाक्य. बाजारादिवशी दुकानापुढं बसलेल्या बायका तिची नक्कल करत तेच वाक्य एकमेकींना ऐकवायच्या आणि खिदळायच्या.

आता बांगडीवाली म्हणजे काय नुसती बांगड्या विकणारी बाई असते का? लग्नाचा चुडा तिनं भरायचा, डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या तिनं भरायच्या, कुणाची पोरगी न्हाती झाली, तिला मखरात बसवायची म्हटलं की पहिलं बोलावणं तिला. वहिदा नरसिंहपूरच्या जत्रेत दुकान मांडायची, आसपासच्या वस्त्यांवर पेटी घेऊन फिरायची. कुणाच्या घरात काय शिजतंय ते तिला त्या घरातल्या पुरुषांच्या आधी कळायचं. आणि कळलं की तिच्या पोटात राहायचं नाही. तोंडाची फटकळ, मनाची मोकळी. तिला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होणार हे बायकांना पक्कं ठाऊक, तरी हात पुढं करून तिलाच सगळं सांगायच्या. माणसाच्या या खोडीला काय म्हणायचं!

तर अशा बाईनं एक गोष्ट पोटात दाबली आणि वर्षभर दाबून ठेवली. तिला वाटलं, आपण पोरीला झाकतोय. झालं भलतंच.

पोरगी म्हणजे नौशीन. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली, एकुलती एक. बाप मुजफ्फर, स्टँडच्या रस्त्याला त्याचं चिकनचं दुकान. शाळा सुटली की दप्तर आईच्या दुकानात फेकायचं आणि समोरच्या पटांगणात लंगडी खेळायला पळायचं, हा पोरीचा नेम. एका पायावर उड्या मारत ती सगळ्या पोरींना बाद करायची आणि घामाघूम होऊन पाणी प्यायला यायची. वहिदा गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवता चढवता एक डोळा पटांगणावर ठेवायची आणि मनातून खूश व्हायची.

नौशीनला सात पूर्ण होऊन दोन-तीन महिने झाले असतील. आंघोळ घालताना वहिदाच्या हाताला पोरीच्या छातीशी एक बारीक गाठ लागली. पोरगी दुखतंय म्हणाली. गाठ म्हटलं की आजकाल मनात एकच येतं, आणि तेच तिच्याही मनात आलं. पण थोड्या दिवसांनी दुसऱ्या बाजूलाही तसंच लागलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की हे दुखणं नव्हे. बाईमाणसाला ते ओळखू येतं, कुणी शिकवावं लागत नाही. फक्त ते सातव्या वर्षी यायचं नसतं.

तिनं मुजफ्फरला सांगितलं आणि नणंदेला, समिनाला, फोनवर सांगितलं. समिना बारामतीत राहणारी, म्हणजे घरातली शहाणी. तिनं तिकडूनच निकाल दिला की हे सगळं ब्रॉयलर कोंबडीनं होतं, कोंबड्यांना इंजेक्शनं देतात आणि तीच पोरींच्या अंगात उतरतात. हे शास्त्र आपल्याकडं गावोगाव चालतं. कुणाला काही झालं की कोंबडी सापडतेच, बिचारी उलट बोलत नाही ना! पण मुजफ्फरनं ते मनाला लावून घेतलं. दिवसभर त्याच कोंबड्या कापून गावाला खाऊ घालणारा माणूस, त्या दिवसापासून घरी चिकन आणायचा बंद झाला. अंडीही बंद. पोरगी ताटावर बसून रडायची, बाप मान खाली घालून मुगाची आमटी ओरपायचा. दोन महिने घरानं आमटी खाल्ली. फरक काही पडला नाही. पोरगी वाढतच होती, मागच्या ईदेला तिच्या हातात पावणेदोनची बांगडी सैल व्हायची, तीच आता अंगठ्याशी अडायला लागली होती.

अशात एका बाजारादिवशी नरसिंहपूरच्या वाटेवरल्या वस्तीवरनं सारजाकाकू आली. घरचा ऊस, पण बोलण्यात गोडवा बेताचाच. बांगड्या भरून घेता घेता तिची नजर पटांगणात गेली. तिनं नौशीनला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सरळ विचारलं, "भाभी, पोरगी लईच थोराड दिसाया लागली. कितवं हाय गं तिला?"

आता खरं सांगायला काय धाड भरली होती? पण वहिदाच्या डोळ्यांपुढं सारजाकाकूचीच पोरगी आली. चार वर्षांमागं ती न्हाती झाली तेव्हा वहिदानंच तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. मखरात बसलेली बारा वर्षांची पोर, अंगावर न मावणारं पातळ, आणि भोवतीच्या बायकांचं तिच्याकडं बघणं. त्यानंतर वस्त्यावस्त्यांवर ती बातमी कुणी नेली? वहिदानंच. "सारजाची पोरगी मोठी झाली बरं का." पुढच्याच महिन्यात पोरीला बघायला यायला लागले, शाळा सुटली ती सुटलीच. ही बारा वर्षांच्या पोरीची गत. मग सात वर्षांच्या पोरीचं ऐकून बायका काय बोलतील? हिला काय झालं, कुणी केलं, हिच्यात काय खोट आहे, असल्या घरात कोण देणार न् कोण करणार. वहिदाला ती सगळी वाक्यं तोंडपाठ होती, कारण दुसऱ्यांच्या पोरींबद्दल ती तिनं स्वतः ऐकली होती आणि पुढं पोचवलीही होती.

"धा पुरी झाली तिला," वहिदा म्हणाली.

"मग बरूबर हाय," सारजाकाकू म्हणाली आणि दुसरा विषय काढला.

इतकं सोपं होतं ते. तीन वर्षं वाढवली की पोरगी बरोबर होत होती. वहिदाला एकदम हलकं वाटलं. मग तिनं तेच सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. तुम्ही म्हणाल, शेजारणींना खरं ठाऊक नव्हतं का? होतं की. पण दुसऱ्याच्या पोरीचं कितवं वर्ष ते कोण ध्यानात ठेवतं? वहिदानं ठासून सांगितलं की त्या बोटं मोजायच्या, कुणाचं तरी लग्न आठवायच्या आणि "व्हय की, दिवस कसं जात्यात" म्हणून मोकळ्या व्हायच्या. वहिदानं नौशीनलाही शिकवून ठेवलं. आपलं घरातलं वय सात. बाहेर कुणी विचारलं तर दहा. पोरीला ती गंमतच वाटली. घरातली चप्पल वेगळी, बाहेरची वेगळी, तसं घरातलं वय वेगळं, बाहेरचं वेगळं. ती महिनाभर उड्या मारत ज्याला त्याला दहा सांगत सुटली.

तरी गाठीची धास्ती काही जाईना. शेवटी वहिदा तिला स्टँडमागच्या डॉक्टर राजलक्ष्मींकडं घेऊन गेली. या बाई तरुण, हाताला गुण, गावात येऊन चार-पाच वर्षं झालेली. दवाखाना एका खोलीचा. डॉक्टरांचं टेबल, तपासायची कॉट, मध्ये पडदा, आणि टेबलाला लागूनच बाकडं. पुढचे तीन-चार पेशंट त्या बाकड्यावरच बसायचे आणि आधीच्याचं सगळं ऐकायचे. तिथं कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. त्या दिवशी बाकड्यावर सारजाकाकू बसली होती, गुडघा धरून.

डॉक्टरांनी पडद्याआड पोरीला तपासलं, उंची घेतली, हसून तिला लिमलेटची गोळी दिली. मग टेबलाशी येऊन विचारलं, "वय किती हिचं?"

वहिदानं सारजाकाकूकडं बघितलं. सारजाकाकू तिच्याकडंच बघत होती.

"धा पुरी झाली तिला," वहिदा म्हणाली.

डॉक्टर म्हणाल्या, मग यात काळजीचं काही नाही. ही गाठ म्हणजे दुखणं नव्हे, अंगात बदल सुरू झालाय, दहाव्या वर्षी असंच सुरू होतं. पाळीबद्दल हळूहळू सांगून ठेवा, पोट भरून जेवू घाला. वहिदा मान हलवत राहिली. हा दिलासा दहा वर्षांच्या पोरीसाठी होता. आपल्या पोरीसाठी नव्हता, हे तिला कळत होतं. कळूनही तिनं तो घेतला आणि घरी आणला. मुजफ्फरला म्हणाली, डॉक्टरीण म्हणाली काय न्हाय, समदं ठीक हाय. मुजफ्फरनं त्या दिवशी पुन्हा पहिल्यांदा घरी अंडी आणली.

मग वर्ष गेलं. नौशीन अशी वाढली की मार्चात घेतलेला फ्रॉक ऑगस्टात वर चढायचा. येणारी जाणारी बाई म्हणायची, पोरगी उंच निघणार हो, बापावर गेली. वहिदाला त्यात बरंही वाटायचं, खोटं कशाला बोला! पण लंगडी बंद झाली. उड्या मारताना लोक बघतात म्हणून वहिदानंच ती बंद केली. अंगावर ओढणी आली. तिसरीच्या वर्गात नौशीन शेवटच्या बाकावर बसायला लागली, पोरं तिला "बाई आल्या, बाई आल्या" म्हणून चिडवायची. आधी ती घरी येऊन सांगायची. मग सांगायची बंद झाली. शाळा सुटल्यावर आईच्या दुकानात येऊन बांगड्यांच्या डब्यांना कागद लावत बसायची, आणि गिऱ्हाईक आलं की ओढणी सारखी करायची.

पुढच्या साली शाळेनं पोरांच्या तपासणीला डॉक्टर राजलक्ष्मींना बोलावलं. तिसरीच्या पोरी उंची मोजायला रांगेत उभ्या राहिल्या. त्या रांगेत एक पोरगी बाकीच्यांपेक्षा डोकंभर उंच उभी. डॉक्टरांनी तिला ओळखलं. त्यांना वाटलं, पोरगी नापास होऊन मागं राहिली असेल. त्यांनी गुरुजींना हळूच विचारलं. गुरुजी म्हणाले, नापास कशाला होईल, हुशार आहे, आठ वर्षांची तर आहे.

संध्याकाळी डॉक्टरांनी वहिदाला निरोप धाडला, एकट्याच या म्हणून. वहिदा गेली तेव्हा बाकडं रिकामं होतं. डॉक्टरांनी उठून स्वतः दार लोटून घेतलं.

"वहिदाभाभी, खरं सांगा. नौशीन किती वर्षांची आहे?"

"आठ. आठ सरून चार-पाच म्हयनं झालं."

"मला तुम्ही दहा सांगितलं होतं. तेव्हा ती सात वर्षांची होती."

"व्हय," वहिदा म्हणाली.

तिला वाटलं होतं आता बोलणी बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. डॉक्टर हळू आवाजात, एखाद्याला रस्ता सांगावा तसं सांगत राहिल्या. मुलीच्या अंगात हा बदल आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर तो तपासावा लागतो. सात सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात त्यांनी तिला बारामतीला पाठवलं असतं. अशी मुलं आधी भराभर वाढतात, सगळ्यांना कौतुक वाटतं, आणि मग वाढ लवकर थांबते. जी आज वर्गात सगळ्यांत उंच असते ती पुढं सगळ्यांत ठेंगणी राहते. आणि पाळी नवव्या वर्षीच येऊ शकते. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, चूक त्यांचीही होती. बाकड्यावर माणसं बसवून त्यांनी वय विचारलं, जन्मतारीख विचारली नाही. वहिदाला ते ऐकू आलं, पण डॉक्टरांच्या चुकीचं ती काय करणार होती?

घरी आल्यावर तिनं मुजफ्फरला सगळं सांगितलं. बाहेरचं वय त्याला ठाऊक होतं, त्यानंही मान डोलावली होती. तो बराच वेळ सुऱ्या पुसत बसला.

"डाक्टरला बी दहाच सांगितलं?" त्यानं विचारलं.

वहिदा पीठ मळायला बसली. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मुलांच्या हार्मोनचे एक डॉक्टर ठरलेल्या दिवशी पुण्याहून बारामतीला यायचे. डॉक्टर राजलक्ष्मींनी फोन करून नंबर लावून दिला. तिघं एसटीनं गेली. तिथं काउंटरवरच्या बाईनं नाव लिहून घेतलं आणि खाली वाकून नौशीनलाच विचारलं, "बाळा, किती वर्षांची तू?"

नौशीननं आईकडं बघितलं. "अम्मी, घरातलं सांगू का बाहेरचं?"

काउंटरवरची बाई हसली, तिला काही कळलं नाही. मुजफ्फरनं भिंतीकडं तोंड केलं. वहिदानंच जन्मतारीख सांगितली, महिना, साल सगळं. तिचा आवाज तिलाच कुणा दुसऱ्याचा वाटला.

तपासण्या झाल्या. रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी झाली, डोक्याचा स्कॅन झाला. आणि एक फोटो काढला डाव्या हाताचा. वहिदाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. छातीचं दुखणं, उंचीचं दुखणं, हाताचा फोटो कशाला? पण फोटो काढणारा पोरगा नौशीनचा डावा हात काचेवर पालथा ठेवून बोटं सरळ करत होता, आणि वहिदा बघत होती. बांगड्या भरताना आधी हाच हात घ्यायचा असतो.

पुढच्या खेपेला सगळे कागद आले. डॉक्टर पिकल्या केसांचे, सावकाश बोलणारे होते. पहिलं त्यांनी सांगितलं की डोक्यात गाठ वगैरे काही नाही, भीतीचं कारण नाही, मुलींमध्ये पुष्कळदा कारण सापडतच नाही. मुजफ्फरनं कोंबडीचं विचारलं. ते म्हणाले, कोंबडीचा काही संबंध नाही, पोरीला खाऊ द्या. मुजफ्फरनं डोळे पुसले. वर्षभर उराशी धरलेला दगड होता त्याचा. मग डॉक्टरांनी तो हाताचा फोटो उजेडाच्या डब्यावर लावला.

वहिदानं जन्मभर हात हाताळले होते, पण आतून हात पहिल्यांदा बघितला. पांढरी बारीक हाडं, आणि प्रत्येक हाडाच्या टोकाला एक काळी फट. डॉक्टरांनी पेन्सिलीनं दाखवलं. ही फट म्हणजे वाढायची जागा. ती उघडी आहे तोवर पोर वाढतं, मिटली की संपलं. आठ वर्षांच्या मुलीची ही फट चांगली मोठी असते. हिची आत्ताच बरीच अरुंद झालीय.

"मुलगी साडेआठ वर्षांची आहे," डॉक्टर म्हणाले. "हा हात साडेअकराचा आहे."

वहिदा त्या फोटोकडं बघत राहिली. तिनं तीनच वर्षं वाढवून सांगितली होती. हातानं ऐकून घेतलं होतं. तीनच्या तीन वर्षं खरी करून दाखवली होती.

डॉक्टर पुढं बोलत होते आणि ती मान हलवत होती. पाळी अजून आलेली नाही हे नशीब. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, अकरा वर्षांची होईपर्यंत. त्यानं हे सगळं थांबेल, पोरगी लहानच्या लहान राहील, मग वेळेवर मोठी होईल. उंचीचं मात्र जेवढं उरलंय तेवढंच वाचवता येईल. गेल्या वर्षी आला असतात तर जास्त वाचवता आलं असतं. हे त्यांनी दोष देऊन सांगितलं नाही, हवापाणी सांगावं तसं सांगितलं. त्यांना खोट्या वयाचं कुणी सांगितलंच नव्हतं.

वहिदाला रडू आलं नाही. एसटीत खिडकीशी बसून तिनं वाट बघितली, आता येईल, घरी गेल्यावर येईल. बावडा आलं. ती उतरली, चूल पेटवली, भाकरी थापल्या. आलं नाही. पुढं कित्येक दिवस तसंच. आत काही उरलंच नसल्यासारखं. दुकान उघडायचं, डबे मांडायचे, हात हातात घ्यायचे. एकदा एका बाईच्या हातावर चार बांगड्या एकदम पिचल्या आणि काच वहिदाच्याच अंगठ्यात गेली. समोरची बाई घाबरून "भाभी, रगत, रगत" करायला लागली तेव्हा वहिदानं खाली बघितलं. तिला दुखतच नव्हतं.

बायकांच्या ध्यानात आलं की भाभी बोलायची कमी झाली. माप सांगते, वय सांगत नाही. एखादी लाडात येऊन म्हणायची, "माझं कितवं सांग की, भाभी." वहिदा म्हणायची, "मला कळत न्हाय आता." त्यांना वाटायचं चेष्टा करते. कुणाच्या घरची बातमी आली तरी ती पुढं जाईना. डॉक्टर राजलक्ष्मींनी दवाखान्यातलं बाकडं उचलून बाहेर ओट्यावर ठेवलं होतं, एवढीच त्या वर्षी तिनं मुजफ्फरला सांगितलेली बातमी.

इंजेक्शनं मात्र चुकली नाहीत. दर खेपेला तिघं बारामतीला जायची, नौशीन बापाचा हात दाबून धरायची, परत येताना भेळ खायची. फ्रॉक वर चढायचा थांबला. अंगातला बदल जिथं होता तिथं थबकला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलंय.

असंच वर्ष गेलं आणि ईद दोन दिवसांवर आली. दुकानात बायकांची रीघ. गर्दी ओसरल्यावर वहिदानं दरवर्षीसारखं नौशीनला पुढ्यात बसवलं आणि तिचा डावा हात हातात घेतला. सवयीनं बोटं दाबली, हाड चाचपलं. मग मागच्या ईदेच्या मापाची, दोन-दोनची लाल चमकीची बांगडी घेऊन बघितली. ती अडली नाही, सैलही झाली नाही. नेमकी बसली. गेल्या साली होता तेवढाच हात. अशा वेळी ती पोरींच्या आयांना सांगायची, हात भरला बरं का, आणि आया खूश व्हायच्या. आज हात भरला नव्हता, आणि त्यासाठीच तर ती तिघं चार वेळा इंजेक्शनाला बारामतीला जाऊन आली होती. वहिदाला वाटलं, आता तरी काहीतरी वाटेल.

तेवढ्यात सारजाकाकू आली. गुडघा धरत फळीवर टेकली, नौशीनकडं बघितलं.

"केवढी झाली गं. आता बारा सरली आसतील न्हवं?"

नौशीननं आईकडं बघितलं. ती काही विचारायच्या आत वहिदा बोलली. "न्हाय. नऊ सरून सा म्हयनं झालं तिला. मी तुला खोटं सांगितलं हुतं, काकू. तवा ती सातच वर्साची हुती."

सारजाकाकूनं तिच्याकडं बघितलं, मग पोरीकडं बघितलं, आणि हसायलाच लागली. "ईदेची थट्टा करती व्हय? नऊ वर्साच्या पोरीचा हात आसतो का आसा?" तिनं नौशीनचं मनगट धरून वहिदापुढं नाचवलं. "तूच सांगती न्हवं, तोंड काय बी सांगंल, हात खोटं बोलत न्हाय?"

वहिदानं पोरीचं मनगट तिच्या हातातून सोडवून घेतलं.

"मी खरंच नऊचीच हाय, काकू," नौशीन म्हणाली. "धा व्हायला अजून लई येळ हाय."

"आसशील बाई, आसशील," म्हणत सारजाकाकूनं तिचा गाल ओढला, दोन डझन हिरव्या बांगड्या कागदात बांधून घेतल्या आणि एसटी गाठायला निघून गेली. तिनं विश्वास ठेवला नाही हे दोघींनाही कळलं.

पटांगणात पोरींचा कालवा चालला होता, लंगडी रंगात आली होती. नौशीन हातातल्या नव्या बांगड्या फिरवत तिकडं बघत बसली.

"अम्मी, आता बाहेरचं वय न्हाय का?"

"न्हाय. आता एकच."

"मग मी खेळाया जाऊ?"

"जा की," वहिदा म्हणाली. "जा. कोण काय म्हणत न्हाय."

नौशीन उठली. चपला घातल्या आणि दुकानाच्या पायरीपर्यंत गेली. पायरीवर उभी राहून तिनं थोडा वेळ पोरींचं खेळणं बघितलं. मग तिनं खांद्यावरची ओढणी दोन्ही हातांनी सारखी केली, चपला काढल्या आणि परत येऊन आईशेजारी डब्यांना कागद लावत बसली.